गणपतीच्या गाडीची यादी आणि प्रचार

महोदय,

समाजमाध्यमांवरील प्रचाराची चर्चा जाहिराती आणि बनावट चित्रफिती यांच्यापुढे सहसा जात नाही. त्यांवर निदान कागदोपत्री अंकुश आहे. निवडणूक आयोगाच्या ऑक्टोबर 2013 च्या सूचनांनुसार उमेदवाराने आपली खाती प्रतिज्ञापत्रात नोंदवायची असतात, जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यायची असते आणि ही खाती सांभाळणाऱ्यांचे पगारही निवडणूक खर्चात दाखवायचे असतात. मुंबईत मात्र घरोघरी पोहोचणारा प्रचार व्हॉट्सॲपवर चालतो आणि त्याची तयारी आचारसंहितेच्या कितीतरी आधी होते.

गणेशोत्सवात कोकणात जायला राजकीय पक्ष मोफत गाड्या सोडतात. नाव नोंदवताना मोबाइल क्रमांक, पत्ता आणि पुष्कळदा मतदार ओळखपत्राची झेरॉक्सही घेतली जाते. आधार शिबिर, वह्यावाटप, नेत्रतपासणी, सगळीकडे हाच रिवाज. प्रसिद्ध होणाऱ्या मतदार यादीत मोबाइल क्रमांक नसतो. तो अशा नोंदवह्यांतून मिळतो आणि यादीच्या भाग क्रमांकाशी जुळवला की कोणत्या चाळीत कोणाला काय पाठवायचे हे ठरवता येते. आमच्या शेजारच्या आजींनी सावंतवाडीच्या गाडीसाठी क्रमांक दिला होता. त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आता लेकाआधी पक्षाकडून येतात, नावानिशी आणि नेत्याच्या हसऱ्या छायाचित्रासह. (आजींना त्याचे कौतुकच आहे, हेही सांगितले पाहिजे.) 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या रात्री त्याच क्रमांकावर मतदान केंद्राची चिठ्ठी आली, तीही चिन्हासकट. कागदी चिठ्ठी पक्षाने वाटली तर ती कोऱ्या पांढऱ्या कागदावर, नाव वा चिन्ह न छापता द्यावी, असा आयोगाचा दंडक आहे. मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत प्रचारसभांना कायद्याने मनाई आहे. मोबाइलवरच्या चिठ्ठीकडे मात्र कोणी पाहत नाही.

ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामापुरती ती वापरावी, हे तत्त्व 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. गाडीसाठी दिलेला क्रमांक प्रचाराला वापरायचा असेल, तर अर्जावर तसे मराठीत स्पष्ट छापून वेगळी संमती घेणे पक्षांना बंधनकारक करावे. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात फेसबुक, इन्स्टाग्राम खात्यांसोबत प्रचारासाठी वापरलेले व्हॉट्सॲप क्रमांकही यावेत आणि संदेश पाठवणाऱ्या कंपनीला दिलेली रक्कम खर्चाच्या हिशेबात स्वतंत्र दाखवली जावी. आयोगाचे खर्च निरीक्षक मांडवाच्या खुर्च्या मोजतातच. ही बिले तपासणे त्याहून अवघड नाही.

— एक वाचक, भांडुप (पश्चिम), मुंबई