लॅबमधल्या दादांना, गणित विभागाकडून

कोल्हापूर

प्रिय दादा,

स.न.वि.वि.

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला आणि गणिताचा फळा कॉलेजात कुलपाआड राहिला. कागदोपत्री तुमचं काम संगणक प्रयोगशाळेतली यंत्रं चालू ठेवायचं. घरातून गणित कसं शिकवायचं हे सांगायला तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं. तरी तुम्ही एकेका शिक्षकाला फोनवरून उभं केलंत. त्याचे आभार आज उघडपणे मानतोय, म्हणजे तुम्ही शिकवलेलं दुसऱ्या कॉलेजांतल्या गणितवाल्यांनाही वापरता येईल.

कुठलं ॲप घ्यायचं हा विषय तुम्ही सुरुवातीला काढलाच नाहीत. तुम्ही विचारलंत, "गगनबावड्याच्या, चंदगडच्या पोराला यातलं काय दिसणार?" ज्याची रेंज सगळ्यात कमी, त्याच्यापासून मोजायला लागायचं, हे तिथेच ठरलं. पुढचं सगळं त्यातून निघालं.

पेन टॅबलेट, म्हणजे पेनाने लिहिलेलं थेट स्क्रीनवर उमटवणारी पाटी, तेव्हा मिळत नव्हते. म्हणून कागदावर लिहून ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दाखवायचं. तुम्ही सांगितलेला स्टँड म्हणजे पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यांवर आडवी स्टीलची पट्टी आणि पट्टीवर स्क्रीन वर करून ठेवलेला मोबाइल. भिंग कडेच्या बाहेर, कागदापासून साधारण ३० सेंटीमीटर वर. कॅमेरा मागचाच वापरायचा, कारण पुढच्या कॅमेऱ्यात आपल्याला अक्षरं उलटी दिसतात आणि हात अडखळतो. कव्हर काढून ठेवायचं, नाहीतर एप्रिलच्या उकाड्यात चार्जिंग आणि व्हिडिओ एकदम चालू असताना फोन तापून कॅमेरा बंद पडतो. स्क्रीनवर दिसणाऱ्या कागदावर बोट दाबून फोकस लॉक करायचा. तो सुटा ठेवला तर हात आत आला की फोन हातावर फोकस करतो आणि मागची ओळ धूसर होते. ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडायचं. आपली वीज त्याच वारंवारितेची आहे, ६० वर ठेवलं की पट्टे येणारच.

कागदाचं माप तर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. ए-फोर आडवा ठेवला तर रुंदी २९.७ सेंटीमीटर आणि उंची २१. व्हिडिओची चौकट मात्र १६ ला ९. रुंदी पूर्ण भरली की उंचीतले जेमतेम १६.७ सेंटीमीटर दिसतात, म्हणजे खालच्या दोन ओळी विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि शिकवणारा आपला लिहीत राहतो. म्हणून २९ बाय १६ ची चौकट पेन्सिलीने आखून घ्यायची आणि तिच्या आतच लिहायचं. ओळी आठ, जास्त नाहीत. व्हिडिओचं चित्र ठिपक्यांच्या आडव्या रांगांचं बनतं; ३६० रांगांच्या चित्रात ४ मिलिमीटरच्या घातांकाच्या वाट्याला साधारण ८ रांगा येतात. रेंज ढासळून चित्र १८० वर आलं की चारच उरतात आणि वर्ग की घन हे ओळखू येत नाही. म्हणून घातांक नेहमीपेक्षा दीडपट मोठा लिहायचा. पेन्सिल आणि बारीक बॉलपेन बाजूला, काळं जाड जेल पेन हातात. झेडच्या पोटात आडवी रेघ, नाहीतर तो २ वाटतो. लाप्लास रूपांतर शिकवताना एस नेहमी वळणदार काढायचा, कारण तो ५ सारखा दिसला की पुढचं सगळं उदाहरण फसतं आणि चूक कुठे झाली हे पोराला सापडत नाही.

या सगळ्यात आम्हाला मोलाची वाटते ती तुमची हाताची शिकवण. व्हिडिओ पाठवताना यंत्र मुख्यतः बदललेला भाग पाठवतं. हात आणि त्याची सावली हलत असते तोवर सगळी ताकद तिकडेच खर्च होते आणि लिहिलेलं गढूळ राहतं. हात बाहेर घेतला की दोन-तीन सेकंदांत अक्षरं निवळतात. म्हणून ओळ लिहायची, हात चौकटीबाहेर न्यायचा, मनात तीन मोजायचे आणि मग बोलायचं. कागद चिकटपट्टीने बसवायचा, कारण तो सरकला की अख्खं चित्र बदलतं आणि सगळंच पुन्हा गढूळ होतं. या तीन सेकंदांनी शिकवण्याची गतीही सुधारली. फळ्यावर शिकवतानाही इतकं थांबायला हवं होतं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मग ओळींचे क्रमांक. पान दोन, ओळ चार म्हणजे २.४. हे तुम्ही सुचवलंत ते ज्यांना व्हिडिओ झेपतच नव्हता त्यांच्यासाठी. हिशेबही तुम्हीच मांडून दाखवलात. सेकंदाला १ मेगाबिट दराने ४५ मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ३३७ एमबी खातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक आणि घरात शिकणारी भावंडं दोन, तर तो दुपारपर्यंतही पुरत नाही. तोच तास ३२ किलोबिटच्या नुसत्या आवाजात साधारण ११ एमबी होतो. त्यासोबत काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेली सहा पानं व्हॉट्सॲपवर. रेंज मिळेल तेव्हा उतरवून घ्यायचं, कागद समोर ठेवायचा आणि "आता २.४ बघा" असं ऐकत पुढे जायचं. "सर, समजलं नाही" असा मेसेज यायचा, त्याच्या जागी "२.४ वरून २.५ कसं आलं?" असं विचारलं जाऊ लागलं. गणिताच्या शिक्षकाला याहून चांगला प्रश्न कुठला!

"ऐकू येतंय का?" हे विचारणंही तुम्ही बंद करायला लावलंत. ज्याला ऐकू येत नाही तो उत्तर कसं देणार? त्याऐवजी "तिसऱ्या ओळीतलं चिन्ह चॅटमध्ये टाका". किती जण खरोखर सोबत आहेत ते अर्ध्या मिनिटात कळतं.

परीक्षेचं थोडक्यात लिहितो, कारण तिथे सगळ्यांचीच ओढाताण झाली. रोल नंबरचा शेवटचा अंक उदाहरणात घालायचा, म्हणजे पद्धत एकच राहते पण उत्तरं दहा होतात, आणि नुसती नक्कल लगेच उघडी पडते. २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये कॅमस्कॅनर निघालं. बरीच पोरं तेच वापरत होती. तुम्ही लगोलग दुसरं ॲप निवडून, पायऱ्यांचे फोटो काढून प्रत्येक वर्गाच्या गटावर टाकलेत. एकही उत्तरपत्रिका त्यापायी अडली नाही.

आणि रात्री साडेनऊलाही उचललेल्या त्या फोनांचे आभार. "दादा, आवाज घुमतोय" म्हटलं की तुम्ही शांतपणे विचारायचात, "त्याच खोलीत दुसरा फोन जोडलाय का? त्याचा माइकही बंद करा आणि स्पीकरही." दहाव्यांदा सांगतानाही सूर पहिल्यांदा सांगितल्यासारखाच.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गणित विभागातले सगळे

ता. क. झेडच्या पोटातली रेघ आम्ही आता फळ्यावरही मारतो. नवीन आलेल्या मॅडमनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना तुमच्या लॅबकडे पाठवलंय.