काम बदललं, नोकरी तीच

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

बाबा, परवा नुसतं ‘बरं’ म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात, तेव्हाच कळलं की पटलेलं नाही. इंजिनिअरिंग करून, इतकी वर्षं कोडिंग करून आता ही कारकुनी कशाला, असंच ना? फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. (आता लिहिण्याचाच पगार घेणार आहे म्हणा.)

कंपनी तीच, ठाण्याहून ऐरोलीची लोकल तीच. आमच्या सॉफ्टवेअरवरून दुकानांच्या वेबसाइट गिऱ्हाइकांचे पैसे घेतात, परतही करतात. ते कसं जोडायचं, हे बाहेरचे डेव्हलपर आमचं डॉक्युमेंटेशन वाचून करतात. ते आता मी लिहिते.

म्हणजे बघा, रिफंडची रक्कम आमच्याकडे पैशांत द्यावी लागते. 500 लिहिलं तर गिऱ्हाइकाला पाच रुपयेच जातात. जुन्या पानावर फक्त ‘रक्कम: पूर्णांक’ होतं. किंवा मध्येच नेट गेलं, म्हणून समोरच्याने रिफंड पुन्हा पाठवला. सोबत आधीचीच ‘की’ (म्हणजे रिफंड तोच आहे हे ओळखायची खूण) नसेल, तर पैसे दोनदा जाऊ शकतात. कोड लिहिणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचतच नाही. मी कोड वाचते, टेस्ट अकाउंटवर स्वतः चालवून बघते, मग लिहिते. ते पानही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवरच जातं आणि कोडसारखंच तपासलं जातं.

डेपोत नवी गाडी आली की मॅन्युअल वाचून ते लिहिणाऱ्याचा तुम्ही उद्धार करायचात, आठवतं? त्याच्या जागी आता मी. आणि हे आजकालचं फॅड नाही हं. बायनॅक नावाच्या कंप्युटरचं मॅन्युअल जोसेफ चॅपलाइन यांनी 1949 मध्येच लिहिलं होतं.

दादा म्हणतो, हे सगळं आता एआय लिहील. लिहितो की, झकास लिहितो! फक्त कोडमध्ये नसलेलंही तितक्याच ऐटीत ठोकून देतो. धास्ती नाहीच असं नाही, पण ती कोडिंगमध्ये तरी कुठे कमी होती?

आई, पगार कमी झालेला नाही. आत्याने विचारलं तर ‘कंप्युटरमध्येच आहे’ म्हणून सांग, खोटं नाही ते. आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत कळव.

तुमची,
मनू