शाळेतल्या समुपदेशक ताईंना, एका आईकडून

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

तुमची बदली झाल्याचे मुलीकडून कळले आणि तोंडी सांगायचे राहून गेलेले लिहायला बसले. हे पत्र तिने आधी वाचले आहे. दोन वाक्ये तिने काढायला लावली, ती मी काढली, आणि उरलेले इतर पालकांनी वाचावे असे तिनेच सांगितले.

अकरावीच्या पावसाळ्यात तिचे जेवण तुटले, झोप उडाली, आणि बसची वेळ झाली की पोटात दुखू लागे. एका डॉक्टरांनी ‘वयच तसे आहे’ म्हणून शक्तीचे औषध लिहून दिले. आम्ही देवळात देवाचा कौल घ्यायला प्रसादही लावला. मनोविकारांवर उपचार करणारी सरकारी संस्था बांबोळीला आहे, हे मला ठाऊक होते; पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावातून तिथे जायचे म्हणजे आधी वाळपई, मग पणजी, मग बांबोळी अशा तीन बसगाड्या, माझा एक रोज आणि तिची एक दिवसाची शाळा. आणि परत आल्यावर वाड्यावर कुणी ‘खंय गेल्लीं?’ विचारले तर काय सांगायचे, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

तुम्हाला मिळालेली खोली प्रयोगशाळेमागची, खेळाचे सामान ठेवायची. तिची खिडकी व्हरांड्यात उघडत असल्यामुळे आत कोण बसले आहे ते मधल्या सुट्टीत साऱ्या शाळेला दिसे. तुम्ही पहिल्याच आठवड्यात त्या खिडकीला घरचा जाड पडदा शिवून लावलात आणि प्रत्येक वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेकदा पाच मिनिटांसाठी बोलावलेत, म्हणजे तिथे जाणारा कुणीच वेगळा दिसू नये. माझी मुलगी त्या पाच मिनिटांत काहीच बोलली नव्हती. पुढच्या गुरुवारी ती स्वतःहून आली. पडदा नसता तर ती आली नसती, हे तिने मला नंतर सांगितले, आणि सोय कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी समजले.

तुम्ही तिला आजाराचे नाव दिले नाहीत. कोणती अडचण आधी सोडवायची हे तिलाच ठरवायला लावलेत, तिच्याकडूनच तीन-चार उपाय काढून घेतलेत, आणि एक उपाय आठवडाभर करून पाहायला सांगितलात. मला शंका होती की डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या बोलण्याने काय होणार. तेव्हा तुम्ही मला गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत झालेल्या अभ्यासाविषयी सांगितलेत, ज्यात पदवीधर डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना आधार दिला होता, आणि ज्याचे निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता, हेही तुम्ही लपवले नाहीत. त्या प्रामाणिकपणामुळेच माझा विश्वास बसला.

नोव्हेंबरमध्ये ‘आता हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे’ असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत आणि तुमच्या सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर बांबोळीला आलात. उपचार मिळणे हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तिची माहिती गुप्त ठेवणे तिथल्या लोकांवर बंधनकारक आहे, हे तुम्ही बसमध्येच समजावलेत, म्हणून केसपेपरच्या रांगेत माझी मान खाली गेली नाही. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला होता. जानेवारीतल्या एका रात्री आम्ही दोघींनी तो लावला. त्या रात्रीविषयी इथे यापेक्षा जास्त लिहीत नाही.

मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, असे तुम्ही पालकसभेत म्हणाला होता. मग प्रत्येक शाळेत आठवड्याचे सगळे दिवस तुमच्यासारखे कुणीतरी असायला हवे. तुम्ही आमच्याकडे दोनच दिवस येत होता, आणि उरलेल्या दिवशी मुलांना थांबावे लागत होते. ही मागणी आम्ही काही पालकांनी लेखी दिली आहे.

मुलगी बारावी झाली, औषध अजून चालू आहे, आणि सकाळी ती जेवून निघते. तुमच्या जागी नवीन बाई यायच्या आहेत. खोली सध्या बंद असते, पण गेल्या शनिवारी तिने शाळेतून चावी मागून घेतली, तो पडदा घरी आणून धुतला आणि पुन्हा लावून आली.

तुमची ऋणी,
एक आई, सत्तरी