तुळशीचं तेल, पण नक्की कुठल्या तुळशीचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला तुळशीच्या तेलावरचा लेख वाचला. त्यात अंगणातली तुळस आणि पिझ्झावरचं बेसिल एकच धरलंय आणि वर रोज कोमट पाण्यात दोन थेंब घ्या असंही सांगितलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आपली तुळस म्हणजे ऑसिमम टेन्युइफ्लोरम, आणि बेसिल म्हणजे फालुद्यात घालतो त्या सब्जाचं झाड, ऑसिमम बॅसिलिकम. तुळशीच्या तेलात बऱ्याचदा युजेनॉल जास्त असतं, तेच जे लवंगेच्या तेलात असतं आणि दाताच्या दवाखान्यात ज्याचा वास येतो. सब्जाच्या तेलातली वासाची द्रव्यं मात्र वेगळी, कधी लिनालूल जास्त, कधी मिथाइल चॅव्हिकॉल म्हणजेच एस्ट्रॅगोल, काही जातींत तर मिथाइल सिनॅमेट. कापूरतुळस आणखी वेगळी, तिच्यात खरंच कापूर असतो. आणि एकाच जातीच्या दोन झाडांतही फरक पडतो, म्हणून तर लखनौच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेने युजेनॉल भरपूर देणारी सिम-आयु ही तुळस वेगळी निवडून काढली.

काही तुळशींत युजेनॉलऐवजी मिथाइल युजेनॉल जास्त निघतं. आम्हा कोकणातल्या बागायतदारांना हे नाव चांगलंच माहितीय, आंब्यावरच्या फळमाशीचे नर याच्याच वासाने सापळ्यात येतात, केरळात तर त्यासाठी करवंटीत तुळशीचा ठेचलेला पाला ठेवायची जुनी पद्धत आहे. पण उंदरांना हेच मिथाइल युजेनॉल दिल्यावर यकृतात गाठी झाल्या, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला २ए गटात, म्हणजे माणसात बहुधा कॅन्सर करू शकणाऱ्या पदार्थांत टाकलं. युरोपात २००८ च्या नियमानुसार हे आणि एस्ट्रॅगोल दोन्ही खाण्याच्या पदार्थांत वेगळं मिसळायला बंदी आहे.

याचा अर्थ सकाळी तुळशीची चार पानं चावून खाणाऱ्यांनी घाबरावं असा अजिबात नाही. ओल्या पाल्यात तेल असतं एक टक्क्याहूनही कमी, किलोभर पाला उकळला तर जेमतेम काही ग्रॅम. म्हणजे बाटलीतला एकेक थेंब किती पानांचा झाला बघा, त्यामुळे पानाचा नियम तेलाला लावून कसं चालेल?

आणि बाजारातल्या कितीतरी बाटल्यांवर नुसतं ‘तुळस तेल, १०० टक्के शुद्ध’ एवढंच छापलेलं असतं. शुद्ध असेलही हो, पण कशाचं? झाडाचं शास्त्रीय नाव, कुठला भाग वापरला आणि त्या बॅचमध्ये युजेनॉल, मिथाइल युजेनॉल, एस्ट्रॅगोल, लिनालूल किती टक्के हे लेबलवर सक्तीचं करावं. गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे तेलातला एकेक घटक वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रावर, ही तपासणी होते, तेलाचे मोठे खरेदीदार ती करूनच भाव ठरवतात, मग गिऱ्हाईकालाच का सांगत नाहीत?

आणि तुम्हाला विनंती, ते दोन थेंब प्यायचा सल्ला पुढच्या पुरवणीत कृपया मागे घ्या.

आपला,
एक आंबा बागायतदार, रत्नागिरी