सत्कार होईलच, आधी सरांच्या जागी माणूस नेमा

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : नागपुरातील तलवारबाजी प्रशिक्षकांची निवृत्ती आणि त्यांच्या जागेवरची नेमणूक

महोदय,

येत्या उन्हाळ्यात आमचे तलवारबाजीचे सर नियत वयोमानानुसार निवृत्त होत आहेत. शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, चार भाषणे हे सगळे रीतसर होईल. त्याची काळजी नाही. काळजी आहे ती दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडल्यावर काय, याची. जागा रिकामी होते, 'अतिरिक्त कार्यभार' दुसऱ्या खेळाच्या मार्गदर्शकाच्या गळ्यात पडतो आणि जाहिरात कधी निघेल ते कोणालाच ठाऊक नसते, हा प्रकार क्रीडा क्षेत्राला नवा नाही. तलवारबाजीत त्याने नेमके काय बिघडते, ते आपल्यासमोर ठेवतो.

या खेळाचा कणा म्हणजे वैयक्तिक लेसन. प्रशिक्षक मास्क आणि जाड चामडी जॅकेट चढवून स्वतः समोर उभा राहतो आणि एकेका खेळाडूला पंधरा-वीस मिनिटे देतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पोरगं टोचतंय आणि सर टोचून घेताहेत. प्रत्यक्षात सर सारखे प्रश्न टाकत असतात, पण पात्याने आणि अंतराने. सरांनी अर्धे पाऊल मागे घेतले, तर आहे तिथूनच लंज (पुढचा पाय लांब टाकून हल्ला) मारायचा की आधी एक पाऊल पुढे सरकायचे? पात्यावर हलका दाब आला, तर खालून निसटून दुसऱ्या बाजूने जायचे की चार नंबरची पॅरी (पात्याने अडवणे) घेऊन लगेच रिपोस्ट (उलट हल्ला) द्यायचा? उत्तर चुकले की सर थांबून व्याख्यान देत नाहीत; तोच प्रश्न किंचित हळू, किंचित जवळून पुन्हा टाकतात. बरोबर आले की वेग वाढतो. हे पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून येत नाही, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या शेजारी उभे राहूनच येते.

एकच चूक घ्या. लंज मारताना हात आधी लांबला पाहिजे, पुढचा पाय त्यानंतर उचलला पाहिजे. नवशिक्या मुलांचा पाय आधी जातो, कोपर वाकलेलाच राहतो. या खेळात शस्त्रे तीन : फॉइल, सेबर आणि एपी. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचेही स्पर्श नोंदवणारे दिवे लागले, तर हल्ल्याचा हक्क कोणाचा यावर पंच गुण देतो. पाय पुढे पडला पण हात मागेच राहिला, तर ती नुसती तयारी ठरते. तेवढ्यात समोरच्याने हात लांबवून टोक लावले तर गुण त्याला जातो. मूल म्हणते, 'माझापण दिवा लागला होता ना!' लागला होता, पण उपयोग नाही. एपीमध्ये हक्काचा प्रश्नच नाही. तिथे साधारण एक पंचविसांश सेकंदाच्या आत दोघांचे टोक लागले तर गुण दोघांनाही. म्हणून तिन्ही शस्त्रांचे शिकवणे वेगळे. सेबरवाल्याला एपीच्या मुलांसमोर उभे करून जागा भरल्याचे समाधान कागदावर मिळेल, पिस्टवर (लढतीच्या पट्टीवर) नाही.

लेसन देणारा हात वारंवार बदलूनही चालत नाही. सी. ए. भवानी देवी टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरणारी पहिली भारतीय तलवारबाज. तिथली पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली, २०२३ मध्ये चीनमधल्या वुशीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवले. तिचा पाया केरळातल्या थलश्शेरीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात सागर लागू यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे पक्का झाला. सलग एका हाताखाली शिकणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.

आता हजेरीपटावर न दिसणारे काम. सर प्रशिक्षक आहेत तसेच आर्मररही, म्हणजे शस्त्रे तपासणारे आणि दुरुस्त करणारेही, आहेत. फॉइलच्या टोकाखालची स्प्रिंग ५०० ग्रॅम वजन उचलून धरते की नाही, एपीची ७५० ग्रॅम उचलते की नाही, हे वजन ठेवून तपासावे लागते. स्प्रिंग दमली की नुसत्या धक्क्यानेही दिवा लागतो; स्पर्धेतल्या तपासणीत ते शस्त्र बाद होते आणि पिस्टवर हे उघडकीला आले तर खेळाडूला पिवळे कार्ड मिळते. टोक बसवणारे स्क्रू इतके बारीक की फरशीवर पडला तर शोधण्यापेक्षा नवा लावलेला बरा. पात्याच्या खाचेतली तार तुटली की जुना गोंद अॅसिटोनने खरवडून काढायचा, नवी तार ताणून बसवायची, थेंबाथेंबाने गोंद सोडायचा आणि पाते वाकवलेल्या स्थितीत सुकू द्यायचे. घाई केली तर पहिल्याच जोरदार टोच्याला तार खाचेतून वर येते. बॉडी वायरच्या (शस्त्र यंत्राला जोडणाऱ्या, जॅकेटखालून जाणाऱ्या वायरच्या) प्रत्येक तारेचा रोध एक ओहमच्या आत हवा, लामे जॅकेटवर (धातूच्या धाग्यांच्या वरच्या जॅकेटवर) कुठल्याही दोन बिंदूंमध्ये पाच ओहमच्या आत. नागपूरच्या मे महिन्यात जॅकेट घामाने निथळते. ते तसेच घडी करून बॅगेत कोंबले की काखेत आणि मानेशी काळे-हिरवे डाग पडतात, धातूचे धागे मरतात आणि त्या जागी टोक लागूनही रंगीत दिवा लागत नाही. कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, हँगरवर वाळवायचे, हे प्रत्येक नव्या पालकाला सरच सांगतात. डेझर्ट कूलरच्या ओलसर वाऱ्यात शस्त्रे उभी करू नका, हेसुद्धा. (कूलरशिवाय मे काढा असे नागपूरकराला सांगण्याची हिंमत सरांचीही नाही.)

गंज हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. गंजाने खड्डे पडलेले पाते तिथेच मोडते आणि मोडलेले टोक धारदार असते. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव्ह हा ऑलिंपिक विजेता मोडलेल्या पात्यानेच गेला. प्रतिस्पर्ध्याचे फॉइल मोडून मास्कची जाळी भेदून आत शिरले. त्यानंतर जगभर पाती, मास्क, जॅकेट यांचे नियम कडक झाले. मास्कची जाळी १२ किलोच्या पंच नावाच्या टोकदार हत्याराने दाबून पाहायची, प्लास्ट्रॉन (जॅकेटखालचे संरक्षक अर्धे जाकीट) ८०० न्यूटनचा आहे की नाही ते लेबलवर वाचायचे, दबलेला मास्क लाडका असला तरी बाजूला काढायचा, हे कोणीतरी दर महिन्याला करावेच लागते. नवा माणूस येईपर्यंत हे कोण करणार, याचे उत्तर शासनाच्या आदेशात नावानिशी हवे.

साहित्य खरेदीतही जाणकार नसला की पैसा वाया जातो. शस्त्रांना दोन पिनचे सॉकेट आणि बॉडी वायर मात्र बॅयोनेटच्या (फिरवून अडकवायच्या जोडणीच्या), असे आले की दोन्ही नवीकोरी आणि दोन्ही निरुपयोगी. डावखुऱ्यांचे जॅकेट वेगळे असते, कारण त्याची उघडी बाजू शस्त्राच्या हाताच्या विरुद्ध लागते. मागणीपत्रात 'जॅकेट, नग अमुक' एवढेच लिहिले तर सगळी उजवी येतात. लहान मुलांना शून्य आणि दोन नंबरची छोटी पाती लागतात. सरसकट पाच नंबर मागवले तर नऊ-दहा वर्षांचे मनगट वजनाने खाली पडते आणि मूल खांद्याने तलवार फिरवायला शिकते.

आमची मागणी त्यामुळे एकच आहे आणि ती फार खर्चाचीही नाही. नव्या प्रशिक्षकाची नेमणूक सर जाण्याच्या आधी व्हावी आणि दोघांनी किमान सहा महिने एका हॉलमध्ये एकत्र काम करावे. पदाची तारीख आड येत असेल तर सरांना तेवढ्या काळापुरते मानधनावर ठेवावे. या काळात प्रत्येक खेळाडूचे लेसन दोघांनी आलटून पालटून द्यावे. कोणाचा गुडघा आत वळतो, कोण घाबरला की मागच्या टाचेवर जातो, कोणाला डावखुऱ्यासमोर सहा नंबरची पॅरी बंद करता येत नाही, ही सगळी टिपणे हस्तांतरित व्हावीत. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होऊन जिल्हा, विभाग, राज्य असा टप्पा गाठतात. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतले पाच टक्के आरक्षण याच प्रमाणपत्रांवर अवलंबून असते. एक हंगाम बुडाला तर १७ वर्षांखालच्या मुलाला तो परत मिळत नाही. पुढच्या वर्षी त्याचा वयोगटच बदललेला असतो.

निवडीबद्दल एक सूचना. एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा आणि पदके पाहाच, पण उमेदवाराला अर्धा तास हॉलमध्येही उभे करा. दहा मिनिटे एका नवशिक्याचा लेसन, दहा मिनिटे राज्य पातळीवरच्या खेळाडूचा, आणि उरलेल्या वेळात एक तुटके फॉइल हातात द्या. दोन्ही लेसन एकाच वेगाने, एकाच अंतरावर दिले, तर तो कवायत घेतोय असे समजावे. फॉइलचा बिघाड टोकात आहे, तारेत आहे की सॉकेटमध्ये, हे त्याने मीटर लावून दहा मिनिटांत सांगायला हवे. निवड समितीत एखादा आंतरराष्ट्रीय पंच असेल तर उत्तम.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरात नागपुरात असालच. हॉल सकाळी साडेसहाला उघडतो, लेसन नऊपर्यंत चालतात. नेमणुकीची फाइल तोपर्यंत कुठल्या टेबलावर पोचली, तेवढे येताना सांगावे.

आपले,
नागपुरातील तलवारबाजी खेळाडू, पालक आणि पंच