विंडोज अपडेट वारंवार फेल होत असेल तर
लातूर-धाराशिव भागातील सर्व ई-सेवा केंद्रचालकांना नमस्कार. अपडेट अर्धवट जाऊन परत फिरतंय म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका, लोकांची कागदपत्रं त्यात असतात! आधी सी ड्राइव्हवर निदान २० जीबी जागा मोकळी करा. मग सर्व्हिसेसमध्ये (स्टार्ट मेनूत services टाइप केलं की सापडतं) विंडोज अपडेट थांबवा, विंडोज फोल्डरातील सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनमधलं डाउनलोड फोल्डर उघडून आतलं सगळं डिलीट करा, सर्व्हिस चालू करून मशीन रीस्टार्ट करा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. नाहीच झालं तर एरर कोडचा फोटो ग्रुपवर टाका. नुसतं 'होईना' लिहिलं तर कारण कळत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीनवर कोणतं विंडोज आहे हेही बघून घ्या. आणि लाईटीचा भरवसा नाही, इन्व्हर्टर चार्ज असल्याशिवाय अपडेट लावूच नका.