गणपतीला गाडीने निघण्यापूर्वी

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले की यंदा गणपतीला सांगलीहून देवरूखला एस.टी.ने न जाता आपल्याच गाडीने जायचे. गाडी दाखवून घेतली का, असे मी विचारले तेव्हा "अगं, गाडी फिरलीच कुठे?" एवढेच उत्तर मिळाले आणि विषय तिथेच संपला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुम्ही गाडीने जाऊ नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. आईच्या गुडघ्यांना एस.टी.च्या पायऱ्या आता झेपत नाहीत आणि पूजेच्या सामानाची पिशव्या-पेटाऱ्यांतून होणारी ओढाताण मी लहानपणापासून पाहिली आहे. पण जी गाडी वर्षाकाठी जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते, तिची तपासणी रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक काळजीने करावी लागते, हे मला तुम्हाला पटवून द्यायचे आहे.

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरहून परतताना जयसिंगपूरजवळ मागचे टायर फुटले, ती दुपार तुम्ही विसरला नसाल. त्या टायरची नक्षी पाहून बाबा म्हणाले होते की टायर तर अजून नवेच आहे. नक्षी खरोखरच उत्तम होती. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. आपल्या टायरची निम्म्याहून अधिक शिल्लक होती. परंतु टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे होते, २३१५, म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले टायर. नक्षी झिजते ती चालण्याने, रबर मात्र उन्हाने, हवेने आणि काळाने कडक होते. त्याला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते. त्या दिवशी आपण मागची दोन टायरे बदलली, पण पुढची दोन आणि स्टेपनी अजून त्याच २०१५ सालची आहेत. स्टेपनीत त्या वेळी हवाही अगदी कमी होती आणि आई पाऊण तास उन्हात उभी होती. तेव्हा पुढची दोन्ही टायरे आणि स्टेपनी बदलल्याशिवाय वाटेतल्या आंबा घाटात गाडी घालायची नाही, ही माझी पहिली विनंती आहे. हा खर्च मी करणार आहे. त्याबद्दल कृपया वाद नको.

एक गोष्ट त्याच दिवशी आणखी लक्षात आली. चाकाचे नट दुकानात हवेच्या मशीनने इतके आवळलेले होते की बाबांना आणि मला मिळूनही ते सुटले नाहीत आणि शेवटी एका ट्रकचालकाने उतरून मदत केली. यापुढे टायर बदलताना शेवटचे आवळणे हाताच्या पान्याने करायला सांगायचे आणि पन्नासएक किलोमीटर चालल्यावर ते नट पुन्हा एकदा तपासायचे. गाडीतल्या पान्याला लावता येईल असा दोन फुटांचा लोखंडी पाइप मी आणते आहे. वेळ आलीच तर नट आधी सैल करायचे आणि मगच जॅक लावायचा, कारण चाक अधांतरी झाल्यावर त्याला जोर लावता येत नाही आणि गाडी जॅकवरून सरकण्याची भीती असते.

आता बाबांच्या वहीबद्दल लिहिते. चेतक स्कूटर होती तेव्हापासून तुम्ही पेट्रोलची, ऑइलची, पंक्चरची प्रत्येक नोंद ठेवत आला आहात आणि त्या वह्यांचा मला फार अभिमान आहे. दिवाळीत आले होते तेव्हा मी शेवटची वही चाळली. इंजिन ऑइल बदलल्याची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यासमोर तुम्ही लिहिले आहे, "पुढील बदल १०,००० कि.मी. नंतर." गाडीच्या पुस्तिकेत मात्र दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे दिलेले आहे. आपल्या गॅरेजवाल्यानेही गाडी चाललेली नाही, ऑइल कशाला बदलता, असे तुम्हाला सांगितले होते, हे मला ठाऊक आहे. त्याचा हेतू तुमचे पैसे वाचवण्याचा असेल, तरी सल्ला चुकीचा होता.

बाबा, तुम्ही तीस वर्षे विज्ञान शिकवलेत, म्हणून हे तुमच्याच भाषेत सांगते. पेट्रोल हा हायड्रोकार्बन आहे. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. इंजिन नीट तापलेले असले तर ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरवाटे निघून जाते. तुम्ही दर रविवारी पोर्चमध्येच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करता, तेव्हा इंजिन तापतच नाही. पाणी सायलेन्सरमध्ये आणि थोडे ऑइलमध्ये साठते, न जळलेले पेट्रोलही ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलचा वंगणगुण हळूहळू कमी होत जातो. शिवाय सुरू करताना बॅटरीतून जेवढी वीज जाते, तेवढी पाच मिनिटांत परत भरत नाही. त्यापेक्षा दर रविवारी अर्धा तास गाडी खरोखर चालवावी. हरिपूरला संगमावर जाऊन यावे, आईलाही बरे वाटेल.

मला सर्वांत अधिक काळजी ब्रेकची वाटते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, गाडी उभी असली तरीही. साध्या डॉट ३ प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्के पाणी मिसळले की तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. सांगलीत सिग्नलला थांबताना याचा काहीच फरक जाणवत नाही. पण आंबा गाव सोडल्यावर साखरप्यापर्यंत सतत उतार आणि वळणे आहेत. गाडी भरलेली असताना पाय ब्रेकवरच ठेवून उतरले, तर डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि ते उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. आपल्या वहीत त्याची एकही नोंद मला सापडली नाही. जुने ऑइल पूर्ण काढून, चारही चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून नवे भरून घेऊ आणि त्याच वेळी पॅड व मागचे ड्रमही उघडून पाहू.

उतरतानाचा नियम तर मला तुम्हीच शिकवला होता: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा मोह कधीही करू नये. आणखी एक, हँडब्रेक ओढून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका. पावसाळ्यात लायनर ड्रमला गंजून चिकटतात. सपाट पोर्चमध्ये पहिला गिअर टाकून चाकाला पुढेमागे विटा लावल्या की पुरे.

बॅटरीसाठी तुमचा मल्टिमीटर बाहेर काढा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, १२.२ च्या खाली असतील तर ती तपासून घ्यावी लागेल. रेडिएटरच्या टाकीत बोअरचे पाणी ओतू नका, क्षार जमून आतल्या बारीक नळ्या बंद होतात. कूलंट मी बदलून घेईन. गरम इंजिनवर झाकण उघडायचे नाही, हे आईलाही माहीत असू दे. आई, बॉनेटखाली तू ठेवलेल्या तंबाखूच्या पुड्यांनी उंदीर गेले असतील अशी मला आशा आहे, पण एअर फिल्टरचा डबा उघडून आणि वायरी व पेट्रोलचे रबरी पाइप नीट पाहूनच खात्री करू.

वायपरची पाती उन्हाने कडक झालेली आहेत, ती बदलायचीच. पावसात आतून काचेवर धुके धरते तेव्हा तू पदराने काच पुसत बसतेस, त्याऐवजी ए.सी. लावून हवा पुढच्या काचेवर सोडायची, मिनिटभरात काच स्वच्छ होते. ए.सी.ने पेट्रोल जास्त जाते म्हणून बाबांनी तो बंद करू नये.

कागदपत्रांत पी.यू.सी. आणि विम्याच्या तारखा पाहा. बाबांचा परवाना आता पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो, त्याचीही मुदत पाहून ठेवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात असे बाबा म्हणाले होते, म्हणून अंधारात प्रवास नको. पहाटे उजाडताना निघालात तर मलकापूरला नाश्ता करून दुपारच्या आत घाट उतरून जाल. घाटात धुके असेल तर खालचा झोत लावून सावकाश चालवायचे, आणि अगदीच दिसत नसेल तर आंब्यालाच थांबायचे. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ आणि इतर कुठेही ११२ हे क्रमांक आईच्या फोनमध्ये घालून ठेवते. निघण्याच्या दिवशी सकाळी, गाडी थंड असतानाच, टायरमधली हवा तपासायची. दरवाज्याच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असेल तर तो घ्यायचा, आणि स्टेपनी विसरायची नाही.

हे सगळे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करायचे नाही. तीन आठवडे आधी झाले, तर काही चुकले असल्यास दुरुस्तीला वेळ मिळतो. मी येत्या शुक्रवारी रात्री सांगलीला येते आहे. शनिवारी सकाळी दहा वाजता बाबा आणि मी मिळून गाडी गॅरेजला नेऊ आणि काम होईपर्यंत तिथेच थांबू. रविवारी तिघे नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊ. तेवढ्या अंतरात ब्रेक, टायर आणि इंजिनाचे तापमान यांची परीक्षा होईल आणि परत आल्यावर मी नट पुन्हा आवळून पाहीन.

बाबा, शनिवारी निघताना वही आणि गाडीची पुस्तिका टेबलावर काढून ठेवा. ब्रेक ऑइलसाठी वहीत नवा रकाना आखायचा आहे.

तुमची,
धाकटी